भिंतीवर उरकणारी अभिक्रिया

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचपात्राची भिंत ही पुष्कळदा डोकेदुखी ठरते. क्लोरीन नायट्रेट आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंची अभिक्रिया मोजायला जावे, तर ती बहुतांशी काचेच्या पृष्ठभागावरच उरकलेली असायची. भिंतीचा वाटा वगळला की वेग इतका मंद निघे, की वातावरणाच्या हिशेबात ती धरण्याचे कारणच उरत नसे.

१९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जोसेफ फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरील हॅले संशोधन केंद्राच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. तिथला ऑक्टोबरमधला ओझोन पूर्वी सुमारे ३०० डॉब्सन एकके (डोक्यावरच्या हवेतील एकूण ओझोन मोजण्याचे एकक) असे, तो २०० च्या घरात उतरला होता. स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या वातावरणाच्या वरच्या भागात, क्लोरीन पोहोचवणारी क्लोरोफ्लुओरोकार्बन संयुगे (शीतकपाटे, फवारे यांत वापरली जाणारी) माहीत होती. परंतु खालच्या स्थितांबरातला बहुतेक क्लोरीन नेमका क्लोरीन नायट्रेट आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन, ओझोनला निरुपद्रवी संयुगांत अडकलेला असतो. मग तो सुटला कसा?

अमेरिकन वातावरणशास्त्रज्ञ सुझन सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये बोट ठेवले ते ढगांवर. ध्रुवीय रात्रीत तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की नायट्रिक आम्ल आणि पाणी यांचे कण बनतात, आणि आणखी थंडीत बर्फाचे. अशा कणाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन क्लोराइड धरून ठेवला जातो. क्लोरीन नायट्रेटचा रेणू येऊन आदळला, की क्लोरीन वायू बाहेर पडतो आणि नायट्रिक आम्ल कणातच राहते. वसंतात ऊन परतताच क्लोरीनचे रेणू फुटतात व ओझोनचा ऱ्हास सुरू होतो. मला अधिक घातक वाटते ते मागे राहिलेले आम्ल: क्लोरीनला पुन्हा बांधून ठेवणारा नायट्रोजन डायऑक्साइड ज्यातून तयार व्हायचा, तेच कणांत कोंडले जाते आणि जड कणांबरोबर खाली उतरून जाते.

१९८७ मध्ये चिलीतील पुंता अरेनास येथून झेपावलेल्या विमानाने पडताळा दिला. क्लोरीनने ओझोन फोडला की तयार होणारा क्लोरीन मोनॉक्साइड जिथे चढत होता, तिथेच ओझोन घसरत होता.

अशा पृष्ठभागासाठी ध्रुवाचीच थंडी हवी असेही नाही. १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म थेंब जगभर पसरले. त्यांच्यावर डायनायट्रोजन पेंटॉक्साइड पाण्याशी संयोग पावून नायट्रिक आम्ल झाला, नायट्रोजनची क्रियाशील ऑक्साइडे घटली, आणि मध्य अक्षांशांवरही क्लोरीनला मोकळीक मिळाली. ऑस्ट्रेलियातील २०१९-२० च्या वणव्यांचा धूर तर याहून चमत्कारिक: त्यातल्या सेंद्रिय द्रव्यात हायड्रोजन क्लोराइड तुलनेने उबदार हवेतही विरघळतो.