अपडेट मारलं की अपग्रेड केलं?

आकाशाच्या फोटोंवर काम करायचा पिक्सइनसाइट हा प्रोग्राम वापरणारं कुणी म्हणालं, “अपडेट मारलं आणि माझे प्लगइन उडाले,” की मी आधी एवढंच विचारतो: प्रोग्राम चालू असताना आलेलं डाउनलोड केलंस, की साइटवर लॉगिन करून नवा इन्स्टॉलर उतरवलास? बोलण्यात दोन्ही ‘अपडेट’च. पण पहिल्यात प्लगइन, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून जोडलेली जादा साधनं, सहसा उडत नाहीत आणि दुसऱ्यात ते हमखास उडतात.

अपडेट म्हणजे रिसोर्सेस मेनूत जाऊन ‘चेक फॉर अपडेट्स’. तुमच्याकडे ज्या रिपॉझिटरींचे (प्लगइन आणि अपडेट ठेवलेल्या ऑनलाइन साठ्यांचे) पत्ते नोंदवलेले आहेत तिथे प्रोग्राम जाऊन बघतो आणि नवीन काय आहे त्याची यादी दाखवतो. होकार दिला की फाइली उतरतात, पण लगेच बसत नाहीत. प्रोग्राम बंद करताना बसतात. इथेच बरेच जण फसतात: डाउनलोड झालं, खिडकी तशीच उघडी, आणि नवीन प्लगइन मेनूत का दिसत नाही म्हणून शोधाशोध.

अपग्रेड म्हणजे प्रोग्रामचा गाभाच बदलणं. जुनी आवृत्ती काढायची, नवी टाकायची. यात आकडे दगा देतात. १.८.९-२ वरून १.८.९-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती वाटते, पण तिलाही पूर्ण इन्स्टॉलर लागतो. शेवटचा आकडा बघून ‘हे तर अपडेटच’ असं ठरवू नका.

आता प्लगइन का उडतात ते. पिक्सइनसाइटमध्ये बाहेरून येणाऱ्या गोष्टी दोन जातीच्या. मॉड्यूल सी++ मध्ये लिहून कंपाइल केलेलं (यंत्राच्या भाषेत बदललेलं) असतं आणि प्रोग्रामच्या ‘बिन’ फोल्डरमध्ये बसतं. स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये असते. रसेल क्रोमन यांचं ब्लरएक्सटर्मिनेटर, म्हणजे एआयने चित्रातला धूसरपणा काढणारं प्लगइन, पहिल्या जातीचं. जुनी आवृत्ती काढताना ‘बिन’ गेलं की तेही गेलं. रिपॉझिटरींचे पत्ते मात्र तुमच्या सेटिंगमध्ये असतात, ते टिकतात. मग चेक फॉर अपडेट्स केलं तरी कधी कधी ‘नवीन काही नाही’ असं उत्तर येतं, कारण हे सगळं आधीच बसवलंय अशी जुनी नोंद शिल्लक असते. त्याच मेनूतलं ‘रीसेट अपडेट्स’ ती नोंद पुसतं. ते करून पुन्हा तपासलं की प्लगइन परत उतरतात. माझी एक अख्खी संध्याकाळ हे न कळल्यामुळे गेली, आणि त्या भरात मी परवान्याची की तीनदा टाकून पाहिली. कीचा काही संबंधच नव्हता.

‘गाया’ या युरोपीय अंतराळ दुर्बिणीच्या तारासूचीच्या भल्यामोठ्या फाइली वेगळ्या फोल्डरात ठेवल्या असतील तर त्यांना धक्का लागत नाही. त्या पुन्हा उतरवायला बसू नका.

विंडोजवर एनव्हीडियाचं कार्ड वापरण्यासाठी ज्यांनी ‘बिन’मधली टेन्सरफ्लोची (एआय मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) डीएलएल फाइल बदलली होती, त्यांच्यासाठी अपग्रेडचा फटका जास्त फसवा. नव्या इन्स्टॉलरबरोबर मूळची डीएलएल परत येते. कुठलीही चूक दाखवली जात नाही, प्लगइन चालतं, फक्त सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि काम रेंगाळतं. माणूस मग नव्या आवृत्तीला ‘स्लो’ म्हणून नावं ठेवतो.

साधं अपडेटही अगदीच निरुपद्रवी नसतं, बरं का. प्लगइनची आवृत्ती आणि त्यातलं एआय मॉडेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लरएक्सटर्मिनेटर डिसेंबर २०२२ मध्ये आलं, आणि त्यानंतर त्याची मॉडेलं बदलत गेली. मृगातल्या तेजोमेघाचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल वेगवेगळे साफ करत असाल, आणि दोन झाल्यावर मॉडेल बदललं, तर तिसऱ्यातले तारे निराळ्या आकाराचे येऊ शकतात. चॅनेल एकत्र केले की ताऱ्यांभोवती रंगीत कडा. दोष मग दुर्बिणीला. म्हणून हाती घेतलेलं चित्र संपेपर्यंत मी अपडेटही लावत नाही. प्लगइनच्या खिडकीत मॉडेल निवडायची सोय असते, जुन्याची फाइल हाताशी असेल तर तेच निवडून काम पुरं करता येतं.

अपग्रेडसाठी आपल्याकडे पावसाळा बरा. आकाश तसंही चार महिने बंद, जुना डेटा घेऊन बसायचं असतं. अमावस्येच्या आठवड्यात, दोन रात्रींचा ताजा डेटा हातात असताना, कितीही मोह झाला तरी नको. अपग्रेडला बसण्याआधी प्रोसेस आयकॉन, म्हणजे साधनांच्या तुम्ही ठरवलेल्या सेटिंग, एक्सपीएसएम फाइलमध्ये जतन करा, नोंदवलेल्या रिपॉझिटरींच्या यादीचा फोटो मोबाइलवर काढा, आणि चालू आवृत्तीचा इन्स्टॉलर बाजूला ठेवा. एखाद्या प्लगइनच्या लेखकाने नव्या गाभ्यासाठी ते अजून पुन्हा कंपाइल केलेलं नसेल, तर मागे यायला तोच लागतो.