डेरिंग-डू

डेरिंग-डू : जिवावर उदार होऊन केलेले धाडस, या अर्थाचा जुन्या वळणाचा इंग्रजी शब्द. आज तो बहुधा ‘डीड्स ऑफ डेरिंग-डू’ एवढ्याच जोडणीत आढळतो, आणि तोही किंचित थट्टेच्या सुरात. दिसायला तो अस्सल मध्ययुगीन असला, तरी मध्ययुगीन इंग्रजीत असे नाम नव्हते. छापखान्यातील एक चूक आणि एका कवीचे जुन्या भाषेचे वेड यांतून ते जन्मले.

मूळ शब्द जेफ्री चॉसरच्या ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ (सु. १३८५) या काव्याच्या पाचव्या भागात आहेत. ट्रॉयलसच्या शौर्याचे वर्णन करताना ‘डुरिंग डॉन’ असे दोन शब्द येतात; हस्तलिखितांनुसार पहिल्याचे ‘डोरिंग’ असेही रूप मिळते. ‘डुरिंग’ हे धजणे या अर्थाच्या धातूचे कृदन्त. आजचा ‘डेअर’ त्याच धातूचा वंशज आहे. ‘डॉन’ म्हणजे करणे. शेवटचा ‘न’ हा केवळ क्रियापदाचा प्रत्यय. अशा रीतीने ओळीचा अर्थ ‘सरदाराला जे शोभते ते करू धजण्यात तो कोणाच्या मागे नव्हता’ असा सरळ आहे. मराठीतल्या या वाक्यातून कोणी ‘करूधज’ हे नाम काढून त्याचा अर्थ पराक्रम असा द्यावा, तसा प्रकार पुढे घडला.

कवी जॉन लिडगेटने ‘ट्रॉय बुक’मध्ये (१४१२–२०) ट्रॉयलसचेच वर्णन करताना हे शब्द उचलले. त्याच्याकडे ‘डॉन’चा ‘डू’ झाला आहे. तो दोष मानण्याचे कारण नाही, कारण पंधराव्या शतकात हा ‘न’ सर्रास गळत होता. परंतु ‘सरदाराला जे शोभते ते’ हा आधार पुढच्या ओळीत दुरावल्याने जोडी एकटी पडली. त्यातच सोळाव्या शतकातील छापील आवृत्त्यांत ‘डोरिंग’चे ‘डेरिंग’ झाले. फरक एका स्वराचा. पण धातूची ओळख त्यात हरवली.

एडमंड स्पेन्सरच्या ‘द शेपर्ड्‌स कॅलेंडर’मध्ये (१५७९) ऑक्टोबर महिन्याच्या गोपगीतात हा शब्द प्रथमच उघडपणे नाम म्हणून येतो. सोबतच्या टिपेत ‘ई. के.’ या सहीच्या टीकाकाराने ‘मर्दुमकी आणि सरदारी बाणा’ अशा आशयाचा अर्थ दिला आहे. हा ई. के. कोण, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. स्पेन्सरचा केंब्रिजमधील समकालीन एडवर्ड कर्क, असे एक जुने मत. टिपा स्पेन्सरनेच, कदाचित मित्र गेब्रिएल हार्वीच्या साहाय्याने लिहिल्या, असे दुसरे. शब्दाच्या इतिहासापुरता हा वाद गौण वाटतो, कारण टीप बाजूला ठेवली तरी मूळ ओळीत शब्द नाम म्हणूनच बसतो. शिवाय ‘द फेअरी क्वीन’मध्ये स्पेन्सरने त्यावरून ‘डेरिंग-डूअर’, म्हणजे असा पराक्रम करणारा, हेही रूप घडवले आहे. जुन्या शब्दांचा हा सोस समकालीनांना फारसा रुचला नाही. ‘कॅलेंडर’ ज्यांना अर्पण केले त्या फिलिप सिडनींनीही त्यातील जुनाट ग्रामीण भाषेबद्दल नापसंती नोंदवली. प्राचीनांची नक्कल करताना स्पेन्सरने कोणतीच भाषा लिहिली नाही, हा बेन जॉन्सनचा शेरा तर प्रसिद्धच आहे.

पुढे वॉल्टर स्कॉटने ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीत (डिसेंबर १८१९, मुखपृष्ठावर १८२०) तो पुन्हा आणला. जखमी आयव्हॅन्हो अंथरुणावर पडून आहे, खिडकीशी उभी रिबेका त्याला किल्ल्याखालच्या लढाईचे वर्णन ऐकवते आहे, आणि तो काळ्या सरदाराच्या पराक्रमाला हा शब्द वापरतो. स्कॉटने तळटीपेत अर्थ दिला : जिवावर उदार धैर्य. आजचा अर्थ हाच. एकोणिसाव्या शतकात साहसकथांतून तो रुळला.

भाषाशास्त्रज्ञ वॉल्टर स्कीट यांनी १८८६ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे ‘घोस्ट-वर्ड’ म्हणजे भूतशब्द ही संज्ञा मांडली : लेखनिक, जुळारी वा संपादक यांच्या चुकीतून उपजलेले, प्रत्यक्ष वापर नसलेले शब्द. त्यांचे एक उदाहरण भारताशी निगडित आहे. ‘एडिंबरो रिव्ह्यू’च्या १८०८ मधील एका लेखात, गळ टोचून झोके घेणाऱ्या (महाराष्ट्रात ज्याला बगाड म्हणतात तो प्रकार) हिंदूंबरोबरच हातातून ‘काइम्स’ आरपार घालणाऱ्यांचा उल्लेख होता. हे काइम्स कोणते विलक्षण हत्यार, म्हणावे तर ते ‘नाइव्ह्ज’चे, म्हणजे साध्या सुऱ्यांचे, मुद्रणदोषाने झालेले रूप.

डेरिंग-डूला काही लेखक भूतशब्दच म्हणतात. काटेकोरपणे ते बरोबर नाही. काइम्स कोणी पुन्हा वापरला नाही. डेरिंग-डू मात्र चार शतके वापरात आहे. त्याचे जवळचे भावंड ‘स्लगहॉर्न’ हे म्हणता येईल. ‘स्लोगन’ म्हणजे रणघोषणा, याच शब्दाचे ते जुने लेखन. टॉमस चॅटर्टनने (१७५२–७०) त्यातल्या ‘हॉर्न’वरून ते रणशिंग समजून वापरले, आणि रॉबर्ट ब्राउनिंगच्या १८५५ मधील एका कवितेच्या अखेरीस नायक ती घोषणा ओठांना लावून फुंकतो.