आभा कार्ड काढलं म्हणजे ५ लाखांचा इलाज फुकट?

गावोगावच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतच असतो, "आभा कार्ड काढा, ५ लाखांपर्यंत दवाखाना फ्री." आभा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) अन् आयुष्मान कार्ड, नावंच इतकी सारखी आहेत की कोणाचाही घोळ होईल, माझाही झाला होता.

आभा म्हणजे फक्त १४ आकडी नंबर. दवाखान्यात कॉम्प्युटर आल्यावर तुमचे रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी, जुना केसपेपर एकाच नावाखाली सापडावं म्हणून तो आहे, त्यात पैसा नाही. ५ लाखांचं ते आयुष्मान कार्ड, ते वेगळं, आणि ५ लाख एका माणसाला नाही तर अख्ख्या कुटुंबाला वर्षाला.

आता विचार करा भाऊ, आभा नंबर तर आधारच्या ओटीपीवर घरबसल्या कोणालाही निघते, गरीब असो की बंगलेवाला, मग त्यावर सगळ्यांना ५ लाख कसे भेटतील? आयुष्मानसाठी सरकारच्या लाभार्थी यादीत नाव पायजे किंवा वय ७० किंवा त्याहून जास्त.

तपासायचं असेल तर कार्ड हातात घ्या, आभा नंबर २-४-४-४ असा तोडून लिहिलेला असतो. आयुष्मानमध्ये नाव आहे का ते १४५५५ वर फोन करून विचारा, पैसे लागत नाहीत.

आणि हो, आभा सक्तीचं नाही, नसलं तरी सरकारी दवाखान्यात चिठ्ठी निघते. पण काढून ठेवा, आमच्या आईचे रिपोर्ट पऱ्हाटीच्या बियाण्याच्या पिशवीत असतात अन् दर पावसाळ्यात त्यातला एक तरी भिजतेच.