यकृताला बरं करणारा निरोप थांबला नाही तर

'प्रतिकारशक्ती वाढवा' असं सांगणारी जाहिरात दिसली की विचारावंसं वाटतं, कोणती आणि किती? यकृताच्या कर्करोगात पुष्कळदा घात होतो तो वर्षानुवर्षं न शमलेल्या दाहामुळे, आणि दाह हेही प्रतिकारशक्तीचंच काम.

हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, साठलेली चरबी, कारण काहीही असो, यकृताच्या पेशी मरू लागतात. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांत ठाण मांडून बसलेल्या कुफर पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकऱ्यांना, त्याचा सुगावा लागतो आणि त्या इंटरल्यूकिन-६ नावाचं प्रथिन सोडतात. गंमत पुढे आहे. हे प्रथिन शेजारच्या पेशीवरच्या ग्राहकाला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, मग जीपी-१३० हे प्रथिन त्याला येऊन मिळतं. दोन जीपी-१३० जवळ आले की त्यांना लगटून असलेली जॅक विकरं आधी एकमेकांवर आणि शेवटी स्टॅट-३ या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात. फॉस्फेट चढलेले स्टॅट-३ जोडीनं केंद्रकात शिरतात आणि पेशीला तगवणारी, विभागायला लावणारी जनुकं चालू करतात. त्यांतच सॉक्स-३ हे जनुकही असतं. त्याचं प्रथिन उलट येऊन जॅकलाच अडवतं, म्हणजे निरोप स्वतःचा ब्रेक सोबत घेऊनच निघतो!

उंदराचं दोन तृतीयांश यकृत कापलं तरी आठ-दहा दिवसांत ते भरून येतं, त्यात या निरोपाचा वाटा आहे. पण जखम रोजचीच झाली, तर ज्यांच्या डीएनएत बिघाड झालाय त्या पेशीही तगतात. काही गाठींत तर सॉक्स-३च गप्प केलेलं सापडतं.

२००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. डीईएन हे कर्करोगकारक रसायन दिल्यावर जवळपास सगळ्या नर उंदरांना यकृताचा कर्करोग झाला, माद्यांपैकी थोड्यांनाच. इस्ट्रोजेन कुफर पेशींना इंटरल्यूकिन-६ बनवण्यापासून आवरतं. इंटरल्यूकिन-६चं जनुक काढून टाकलं, तेव्हा नरांमधलं प्रमाणही माद्यांइतकं खाली आलं. माणसांतही पुरुषांना हा रोग दुपटी-तिपटीनं जास्त होतो, अर्थात त्यात दारूसारख्या सवयींचाही हात असतो.

रक्तात इंटरल्यूकिन-६ जास्त असलेले रोगी सरासरीनं कमी जगतात, आणि अॅटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅब या, प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध उभं करणाऱ्या औषधजोडीच्या उपचाराचाही त्यांना कमी फायदा होताना दिसतो. ते थेट मोजायची गरजही नाही. त्याच्याच सांगण्यावरून यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवतं, आणि ती चाचणी तर नेहमीचीच. असे उपचार घेणाऱ्या रोग्यांसाठी २०२२ साली मांडलेल्या 'क्राफिटी' गुणांकनात सीआरपी डेसीलिटरला १ मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर एक गुण, अल्फा-फीटोप्रोटीन (यकृताच्या गाठीत बरेचदा वाढणारं रक्तातलं प्रथिन) मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम किंवा जास्त असेल तर आणखी एक. शून्य गुणवाले सर्वांत जास्त जगले, दोन गुणवाले सर्वांत कमी. मात्र साध्या जंतुसंसर्गानंही सीआरपी चढतं, त्यामुळे नुसता तो आकडा पाहून कुणी धसका घेऊ नये.