पेशीला मरू न देणारं इस्ट्रोजेन

स्तनाच्या कर्करोगाच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ असा शेरा साधारण चारांपैकी तिघींच्या बाबतीत असतो. म्हणजे गाठीतल्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा ग्राही (रिसेप्टर), म्हणजे त्याला पकडणारं प्रथिन, आहे. इस्ट्रोजेनने गाठ वाढते, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण नव्या पेशी भराभर जन्मल्या की गाठ वाढते, तशीच जुन्या मरेनाशा झाल्या तरी वाढते. मला ही दुसरी बाजू जास्त विलक्षण वाटते.

पेशी बिघडली की एरवी ती स्वतःच स्वतःला संपवते. बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं तिच्या मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात आणि आतलं सायटोक्रोम-सी बाहेर सांडतं. आत असताना ऊर्जानिर्मितीत मुकाट राबणारं हे प्रथिन बाहेर पडलं, की कॅस्पेज नावाची विकरं जागी होतात आणि पेशीची आतून कापाकापी सुरू होते. बॅक्स-बॅकचे हात धरून ठेवतं ते बीसीएल-२ हे प्रथिन.

इस्ट्रोजेनचा हस्तक्षेप होतो तो इथे. ग्राहीला ते चिकटलं की दोन ग्राही जोडीने डीएनएवर आपला पत्ता शोधतात. आदर्श पत्ता असा: जी-जी-टी-सी-ए, मग कुठलीही ३ अक्षरं, मग टी-जी-ए-सी-सी. समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचा, पुन्हा तीच अक्षरं! जोडीतला प्रत्येक ग्राही अर्धा अर्धा पत्ता धरून बसतो. असे पत्ते सहसा जनुकाच्या बाहेर असतात, असं आपण धरून चालतो. बीसीएल-२च्या बाबतीत मात्र असे दोन पत्ते थेट प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागातच सापडले. तिथून हे जनुक जोरात चालू होतं. उलट बिकसारखी मरणाच्या बाजूची जनुकं इस्ट्रोजेन असेपर्यंत दबून असतात.

यातलं बरंचसं कळलं ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमुळे. १९७० साली अमेरिकेतल्या एका ननच्या छातीत साचलेल्या पाण्यातून त्या मिळाल्या. नावातला ७ म्हणजे सातवा प्रयत्न. आधीचे सहा फसले होते. या पेशींचं इस्ट्रोजेन तोडलं की बीसीएल-२ घटतं आणि केमोथेरपीच्या औषधांपुढे त्या लवकर मान टाकतात.

टॅमॉक्सिफेन हे औषध ग्राहीतली इस्ट्रोजेनचीच जागा बळकावतं, पण त्याची एक लांब शेपटी ग्राहीचा आकार बिघडवते आणि स्तनाच्या पेशीत जनुकं चालू करणारे मदतनीस ग्राहीला चिकटू शकत नाहीत. फुलवेस्ट्रंट त्याहून कडक: ते ग्राहीच नष्ट करवतं.

आता गंमत बघा. पेशीला मरू न देणारं बीसीएल-२ ज्या गाठीत भरपूर, तिथे रुग्णाचं भवितव्य वाईट असायला हवं ना? प्रत्यक्षात ते बहुधा बरं असतं. बीसीएल-२ भरपूर आहे, म्हणजे बऱ्याचदा ग्राही शाबूत आहे आणि गाठ अजून इस्ट्रोजेनच्या मुठीत आहे. तिची वाढही संथ असते, आणि मूठ सोडवणारी औषधं आपल्याकडे आहेत.

मग बीसीएल-२लाच थेट अडवलं तर? तसं औषध आहे: व्हेनेटोक्लॅक्स. रक्ताच्या कर्करोगात ते उत्तम चालतं. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात फुलवेस्ट्रंटच्या जोडीला देऊन पाहिलं, तेव्हा एकट्या फुलवेस्ट्रंटपेक्षा म्हणावा असा फायदा दिसला नाही. बीसीएल-२ला एमसीएल-१सारखी भावंडं आहेत, आणि तीही बॅक्स-बॅकचे हात धरू शकतात.