"जर-तर"चं निगेशन आणि "जर-तर नाही", हे दोन एक नाहीत

माझी भाची इथे इंदूरलाच बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे, परवा डिस्क्रीट मॅथ्सची वही घेऊन आली, म्हणाली मामा, सिम्प्लिफाय करताना माझं उत्तर कधी जुळतच नाही. वही बघितली तर एकच चूक चार ठिकाणी. खूप जणांची होते ही चूक, म्हणून नीट लिहितोय.

"प तर ज" याचं निगेशन (म्हणजे नकार, ते वाक्य खोटं आहे असं सांगणारं वाक्य) विचारलं की मुलं "प तर ज नाही" लिहून मोकळी होतात. ते चुकीचं आहे.

घरचंच उदाहरण घेऊ. प म्हणजे आज सकाळी पोहे झाले, ज म्हणजे आज टेबलावर जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) होतं. प → ज म्हणजे पोहे झाले असतील तर जीरावण होतंच. आता हे खोटं पाडायचं असेल तर काय दाखवावं लागेल? पोहे झाले आणि जीरावण नव्हतं, बस. म्हणजे ~(प → ज) हे प ∧ ~ज (~ म्हणजे "नाही", ∧ म्हणजे "आणि"), त्यात "तर" उरतच नाही, "आणि" येतो.

प → ~ज मात्र म्हणतं की पोहे झाले असतील तर जीरावण नव्हतं. ऐकायला सारखंच वाटतं, मान्य, पण समजा आज उपमा झाला, पोहे नाहीतच. प खोटं असलं की जर-तरचं अख्खं वाक्य खरं धरायचं हा नियम आहे (पहिल्यांदा पचत नाही, सगळ्यांचंच तसं होतं), म्हणजे उपम्याच्या दिवशी प → ज पण खरं आणि प → ~ज पण खरं. मग एकाच वेळी खरी असणारी दोन वाक्यं एकमेकांची निगेशन कशी असतील? ट्रुथ टेबल (प आणि ज खरं-खोटं असण्याच्या सगळ्या शक्यतांचा तक्ता) काढा, चार ओळींपैकी ~(प → ज) फक्त 1 ओळीत खरं येतं आणि प → ~ज 3 ओळींत.

सिम्बॉलनी करायचं तर आधी बाण काढून टाका: प → ज म्हणजे ~प ∨ ज (∨ म्हणजे "किंवा"). त्यावर निगेशन लावलं की ~(~प ∨ ज), आणि इथे डी मॉर्गनचा नियम लागतो, "किंवा"चा "आणि" होतो, प ∧ ~ज. (हा ऑगस्टस डी मॉर्गन 1806 मध्ये आपल्या मदुराईत जन्मला होता, भाचीला हे सांगितलं तर तिला खरंच वाटेना.)

तिच्या वहीतलं गणित होतं ~(प → ज) ∨ (प ∧ ज). बरोबर केलं तर (प ∧ ~ज) ∨ (प ∧ ज), मग प कॉमन काढा, प ∧ (~ज ∨ ज), आणि कंसातलं नेहमीच खरं असल्यामुळे उत्तर नुसतं प. तिने पहिल्याच स्टेपला प → ~ज लिहिलं होतं, त्यामुळे शेवटी टॉटॉलॉजी आली, पोहे होवोत न होवोत वाक्य खरंच! ती म्हणाली, पण मधली एकही स्टेप चुकलेली नाही मामा, आणि ते खरंच होतं, सगळी चूक पहिल्या ओळीत.

मग प → ~ज हे निगेशन आहे तरी कोणाचं? बाण काढला की ~प ∨ ~ज, म्हणजेच ~(प ∧ ज), "पोहेही झाले आणि जीरावणही होतं" याचं. तिच्या गणितात शेजारी नेमकं प ∧ ज बसलेलं होतं, म्हणून टॉटॉलॉजी येणारच होती.