उसाची एफआरपी जिनिव्हाला कशी पोहोचली

नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने जिनिव्हातील जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी समितीपुढे भारताच्या उसाचा हिशेब मांडला. भारत ऊस उत्पादकांना मिळणारा दराचा आधार संघटनेला कळवतच नाही, ही त्यामागची तक्रार. २०१९ च्या सुरुवातीला ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी रीतसर दावे दाखल केले.

ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया साखरेच्या वादात नवखे नव्हते. युरोपच्या साखर निर्यात अनुदानाविरुद्ध त्यांनी थायलंडच्या साथीने दिलेला लढा २००५ मध्ये अपिलातही यशस्वी झाला होता आणि पुढच्याच वर्षी युरोपला आपली साखरव्यवस्था बदलावी लागली. भारताविरुद्ध येताना ही शिदोरी त्यांच्याजवळ होती.

वादाचा गाभा एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत कारखान्याने शेतकऱ्याला किमान दर द्यायचा. २००९ पासून त्या दराला एफआरपी म्हणतात. थकबाकीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला हा आपल्या घामाचा हक्काचा दाम वाटतो, आणि ते योग्यच आहे. संघटनेच्या कृषी कराराचे गणित मात्र या दराची तुलना १९८६-८८ च्या जागतिक किमतींशी करते. २०१८-१९ ची एफआरपी १० टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे २७५ रुपये होती. मधल्या तीस वर्षांची महागाई त्यामुळे जवळजवळ सगळीच ‘आधार’ म्हणून मोजली जाते. त्यात हा करार घडवणाऱ्या उरुग्वे फेरीच्या वाटाघाटींच्या वेळी मोठा आधार जाहीर केलेल्या अमेरिका, युरोप, जपान यांना त्याचा बराचसा भाग पुढेही देण्याची मुभा राहिली. भारताच्या वाट्याला आली ती उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा. हा नियम मुळातच अन्यायाचा आहे.

भारताचा युक्तिवाद सरळ होता: पैसे कारखाने देतात, सरकार नव्हे. १४ डिसेंबर २०२१ च्या अहवालात संघटनेच्या तंटा पॅनेलने तो फेटाळला. दर कायद्याने ठरतो, तिजोरीतून रुपया गेला नाही तरी तो आधारच, असे पॅनेल म्हणाले. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत मर्यादा ओलांडल्याचा निष्कर्ष निघाला.

दाव्यांतल्या दुसऱ्या मुद्द्यावर, निर्यात अनुदानावर, आपली बाजू खरोखर लंगडी होती. शिल्लक साखर बाहेर काढण्यासाठी केंद्राने कारखानानिहाय निर्यात कोटे दिले आणि २०१९-२० मध्ये ६० लाख टनांसाठी टनामागे १०,४४८ रुपये देऊ केले. निर्यातीची अट घालून दिलेला पैसा कोणत्याही वाचनात अनुदानच ठरतो. ते बंद करायला आठ वर्षांची सवलत आहे, हे भारताचे म्हणणे पॅनेलने मानले नाही. अहवाल मंजूर झाल्यापासून १२० दिवसांत ते मागे घ्या, असे सांगितले.

जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केले. पण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवल्याने अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प आहे. अपील पडून असल्याने अहवाल मंजूर होत नाही, आणि ते १२० दिवस सुरूच झालेले नाहीत. २०२१-२२ ची विक्रमी निर्यात अनुदानाविना झाली. जून २०२२ पासून सरकारने उलट निर्यातीवरच निर्बंध घातले. एफआरपी मात्र दर हंगामाला जाहीर होते: २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये.